शिकलेले टिकू द्या: सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना खुले पत्र

सॉफ्टवेअरचे आराखडे आखणाऱ्या, ते लिहिणाऱ्या आणि त्यात कधी काय बदलायचे हे ठरवणाऱ्या सर्व मंडळींस,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, गेली अनेक वर्षे मी प्रौढांना संगणक आणि मोबाइल वापरायला शिकवतो, आणि एवढ्या काळात एक वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की दोन्ही बाजूंची वाक्ये मला पाठ झाली आहेत. एक बाजू म्हणते की सॉफ्टवेअर इतके सोपे हवे की कोणाला काही शिकावेच लागू नये; ज्याच्याबरोबर माहितीपुस्तिका द्यावी लागते ते मुळातच फसलेले. दुसरी बाजू म्हणते की संगणक हे गुंतागुंतीचे यंत्र आहे, ते वापरायचे तर चार गोष्टी शिकायलाच हव्यात, आणि ज्यांना तेवढेही कष्ट नकोत त्यांनी नंतर कपाळाला हात लावू नये. तुमच्यापैकी बरेच जण कामाच्या ठिकाणी पहिली बाजू मांडतात आणि घरून आईवडिलांचा फोन आला की दुसरी, असे माझे निरीक्षण आहे. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही, कारण मीही तेच करतो.

या वादात कोणाची तरी बाजू घ्यावी म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. माझी तक्रार त्याच्या थोडी आधीची आहे. माझ्या वर्गात येणारी माणसे शिकायला तयार असतात, शिकतातही. पण जे शिकले ते टिकत नाही, आणि जे शिकायला हवे ते त्यांना पडद्यावर दिसतच नाही. या दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांच्या बुद्धीशी फार थोडा आणि तुमच्या निर्णयांशी पुष्कळ आहे.

आधी एका वहीबद्दल सांगतो. माझ्या वर्गात एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे क्रमवार विचार करणे हा त्यांच्या हातचा मळ आहे. त्यांच्या वहीत प्रत्येक कामाला एक पान आहे: ‘फोटो पाठवणे’, ‘आलेले पत्र छापणे’, ‘पासवर्ड बदलणे’. त्याखाली क्रमांक घालून सुवाच्य अक्षरात पायऱ्या लिहिलेल्या, आणि जिथे शब्द सापडला नाही तिथे पेन्सिलीने काढलेली चिन्हे आहेत: तीन आडव्या रेघा, तीन उभी टिंबे, दातेरी चाक, वर बाण निघालेली चौकट. ‘फोटो पाठवणे’ या पानावर निळ्या शाईतली पहिली पद्धत लाल रेघेने खोडलेली आहे. तिच्याखाली तारीख घालून दुसरी पद्धत लिहिलेली, तीही खोडलेली. तिसरी पद्धत जागा न उरल्याने एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पानाला डकवलेली आहे. या तिन्ही तारखा दोन वर्षांच्या आतल्या आहेत. फोटो पाठवणे म्हणजे काय, यात या दोन वर्षांत कणभरही फरक पडलेला नाही. बदलली ती फक्त बटणाची जागा, एकदा त्याचे चिन्ह आणि एकदा त्यावरचा शब्द. चिठ्ठी डकवून झाल्यावर त्यांनी मला हळू आवाजात विचारले, “सर, मी विसरायला लागले आहे का हो?”

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. ज्या बाईंनी तीनदा नव्याने शिकून, तीनदा नीट नोंद करून ठेवली, त्यांना आपल्याच स्मरणशक्तीवर शंका घ्यावीशी वाटली, कारण यंत्र चुकत नाही अशी त्यांची समजूत आहे. वापरणारे शिकत नाहीत, असे जेव्हा तुमच्या बैठकीत कोणी म्हणेल तेव्हा कृपया ती लाल रेघ डोळ्यांसमोर आणा.

शिकलेले टिकू शकते, याला तुमच्याच क्षेत्रात उत्तम दाखले आहेत. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची आज सर्वत्र रुळलेली पद्धत लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्याला झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बसवली. पुढे ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या १९८३ आणि १९८४ साली आलेल्या संगणकांवर त्यासाठी एक्स, सी आणि व्ही या कळा नेमल्या गेल्या. त्या काळात ज्याने या तीन कळा शिकून घेतल्या त्याला आज ४० वर्षांनंतरही त्या उपयोगी पडतात, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही पडतात. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर आणले तेव्हा हिशेब करणाऱ्या माणसांनी केवळ त्याच्यासाठी ॲपल टू संगणक विकत घेतले. ते काही ‘न शिकता वापरता येणारे’ सॉफ्टवेअर नव्हते. त्यात सूत्रे होती, स्तंभाला अक्षर आणि ओळीला आकडा देऊन तक्त्यातल्या प्रत्येक घराचा पत्ता सांगण्याची रीत होती. लोकांनी ते आनंदाने शिकून घेतले, कारण एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे डोळ्यांदेखत बदलत होते आणि आपण काय केले याचे उत्तर तिथल्या तिथे मिळत होते. घराचा पत्ता सांगण्याची ती रीत आजच्या प्रत्येक स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या तक्त्यात, तशीच आहे.

याउलट १९९५ पासून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असलेले विंडोजचे ‘स्टार्ट’ बटण २०१२ साली विंडोज ८ मध्ये काढून टाकले गेले. वर्षभरात, २०१३ मध्ये, बटण परत आले. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर त्यामागचा मेनूही परत आला. १७ वर्षांत कोट्यवधी हातांना जडलेली सवय ही तुमच्या कंपनीच्या मालमत्तेइतकीच खरी मालमत्ता आहे, पण ती तुमच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही, म्हणून ती इतक्या सहज उधळली जाते. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे की मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २००७’ या सॉफ्टवेअरमध्ये जुने मेनू काढून वर रुंद पट्टी आणली गेली तेव्हा ‘ऑल्ट’ कळ दाबून जुन्या मेनूतली आज्ञा देण्याचे बहुतेक क्रम चालू ठेवले गेले होते. हा निर्णय ज्या कोणी घेतला त्या अनामिकाला माझा मनापासून नमस्कार.

आता ‘सोपे’ या शब्दाकडे येतो. मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात इंजिन सुरू करायला पुढच्या बाजूने लोखंडी दांडा घालून तो हाताने फिरवावा लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर फिरवणाऱ्याचे मनगट मोडत असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसवला गेला आणि हळूहळू दांडा इतिहासजमा झाला. कोणाला त्याचे वाईट वाटले नाही, कारण दांडा फिरवणे म्हणजे गाडी चालवणे नव्हतेच. तो यंत्राने माणसावर लादलेला भार होता. पण वळण कसे घ्यायचे, समोरून कोणी आले तर काय करायचे, ब्रेक किती आधी दाबायचा हे सगळे शिकणे राहिलेच, आणि सोपेपणासाठी ब्रेकचे पेडल झाकून टाकावे असे कोणी सुचवले नाही.

तुमच्या क्षेत्रातही दांडा कोणता आणि ब्रेक कोणता हे ओळखता येते. ईमेलचे खाते जोडण्यासाठी एके काळी सर्व्हरचे नाव आणि ११० की ९९५ असला काहीतरी पोर्टचा आकडा टाकावा लागे. मी तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून देत आलो आणि एकाही विद्यार्थ्याला त्यातून काहीही कळले नाही, कारण कळण्यासारखे त्यात काही नव्हते. आज पत्ता आणि पासवर्ड टाकला की काम होते. तो दांडा होता, तुम्ही तो काढलात, त्याबद्दल आभार. टेस्लर यांचे म्हणणे असे होते की कोणत्याही कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी होत नाही, ती कोणी वाहायची एवढाच प्रश्न उरतो; एका अभियंत्याचा आठवडा वाचवण्यासाठी दहा लाख माणसांचे रोजचे एकेक मिनिट खर्ची घालणे हा चुकीचा व्यवहार आहे. दहा लाख मिनिटे म्हणजे दररोज १६,००० हून अधिक तास होतात. हा हिशेब तुम्हाला मान्य असेल, तर दांडे शोधून काढण्याचे तुमचे काम अजून बरेच बाकी आहे.

पण काही गोष्टी दांडा नसतात. माझी वस्तू नेमकी कुठे आहे, तिच्या प्रती किती आहेत, ती कोणाकोणाला दिसते, आणि आता मी जे करतो आहे ते मागे घेता येईल का, हे चार प्रश्न माझ्या दृष्टीने संगणक वापरण्याचे सार आहेत. ते माणसाच्या कामाचे प्रश्न आहेत, यंत्राचे नाहीत. कागदाच्या बाबतीत त्यांची उत्तरे लहान मुलालाही कळतात. तुम्ही सोपेपणाच्या नावाखाली अलीकडे जे झाकत चालला आहात ते नेमके हेच आहे.

झाकण्याने काय होते याचा एक जुना दाखला सर्वांना माहीत असायला हवा. ४ मे २००० रोजी जगभर ‘आय लव्ह यू’ नावाचा ईमेल फिरू लागला. त्याला जोडलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘टीएक्सटी’ असा दिसत होता, म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी कागद. प्रत्यक्षात त्यापुढे आणखी एक टिंब आणि ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती, म्हणजे ती फाइल चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम होती. पण ओळखीच्या प्रकारच्या फाइलींची शेवटची अक्षरे दाखवायची नाहीत, असे विंडोजमध्ये मुळातच ठरवून ठेवलेले होते, कारण ती अक्षरे सामान्य माणसाला गोंधळात टाकतात. फाइल उघडली की ती पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवत असे. ज्यांनी ती उघडली त्यांना नंतर अडाणी ठरवले गेले. त्यातल्या काहींनी तर नावाचा शेवट पाहून मगच उघडली असणार. ती अक्षरे विंडोजमध्ये आजही मुळात झाकलेलीच येतात, आणि माझ्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात सर्वांकडून ती उघडी करून घेतो. झाकणे सर्वथा वाईट असे मात्र मला म्हणायचे नाही. काही ब्राउझर संकेतस्थळाच्या लांबलचक पत्त्यातला बाकी पसारा बाजूला ठेवून फक्त मुख्य नाव दाखवतात, ते मला योग्य वाटते, कारण आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे तेवढ्यावरूनच कळते.

दुसरा दाखला माझ्या वर्गातलाच आहे. एका गृहस्थांच्या फोनमधली जागा संपली. फोटो आपोआप ‘वर’ जातात हे त्यांना मुलाने सांगितले होते, आणि फोटोंच्या शेजारी हिरवी खूणही दिसत होती. वर आहेत म्हटल्यावर खालचे पुसले तर चालतील, असा त्यांनी विचार केला, जो अगदी तर्कशुद्ध आहे. त्यांनी सहा वर्षांचे फोटो पुसले. दोन महिन्यांनी नातीच्या बारशाचा फोटो शोधायला गेले तेव्हा तो खाली नव्हता, वरही नव्हता, आणि कचऱ्याच्या पेटीत ठेवण्याची मुदतही उलटून गेली होती.

ज्याला तुम्ही ‘सिंक’ म्हणता तो आरसा आहे; एका बाजूला पुसले की दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. ज्याला ‘बॅकअप’ म्हणता ती बाजूला काढून ठेवलेली प्रत आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळजवळ उलट असूनही कित्येक ॲपमध्ये दोहोंना एकच ढगाचे चित्र, एकच हिरवी खूण आणि ‘तुमचे फोटो सुरक्षित आहेत’ असे एकच वाक्य असते. न्यायाने बोलायचे तर मी नंतर त्याच ॲपमध्ये तपासून पाहिले. पुसताना येणाऱ्या चौकटीत ‘हे फोटो तुमच्या सर्व उपकरणांवरून काढले जातील’ असे लिहिलेले होते. म्हणजे सांगितले नव्हते असे नाही. पण त्याच आकाराची, त्याच रंगाची, त्याच जागी बटण असलेली चौकट त्या दिवशी त्यांना सूचना चालू करण्यासाठी, नवे रूप पाहण्यासाठी आणि ॲपला तारे देण्यासाठीही आली असणार, आणि प्रत्येक वेळी ‘ठीक आहे’ दाबल्याने काहीच बिघडले नसणार. माणसाला ‘ठीक आहे’ दाबायला कोणी शिकवले, याचे उत्तर त्या माणसाकडे मागू नये.

या सवयीची किंमत फोटोंपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यावर उपचार घेणाऱ्या सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा मिळाली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. या घटनांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला, आणि त्यातले तपशील आपल्या वादाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. हे यंत्र चालवणाऱ्यांची आधी तक्रार होती की उपचाराची माहिती दोनदा भरण्यात फार वेळ जातो. म्हणून निर्मात्यांनी सोय केली की नुसती ‘रिटर्न’ कळ दाबत गेले तरी आधीची मूल्ये जशीच्या तशी उतरतील. म्हणजे सॉफ्टवेअर सोपे केले गेले. चालवणारेही कामात तरबेज झाले. १९८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टायलर येथे एका तंत्रज्ञ महिलेने चुकून ‘इलेक्ट्रॉन’ऐवजी ‘एक्स-रे’चे अक्षर टाकले, लगेच वर जाऊन ते दुरुस्त केले आणि झपाझप खाली आली. ही दुरुस्ती ८ सेकंदांच्या आत झाली तर यंत्राच्या सॉफ्टवेअरला तिची पुरती दखलच घेता येत नव्हती. पडद्यावर दुरुस्त माहिती दिसत होती आणि आत यंत्राची मांडणी भलतीच झालेली होती. चाचणीच्या वेळी हळूहळू माहिती भरणाऱ्यांना हा दोष दिसला नसता. तो दिसण्यासाठी शिकून वेगवान झालेला हातच हवा होता.

आणि मग पडद्यावर शब्द उमटले: ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे ‘बिघाड क्रमांक ५४’, याहून अधिक काही नाही. त्याचा अर्थ चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत दिलेलाच नव्हता. असे निरनिराळे संदेश त्या यंत्रावर रोजच येत, आणि ‘पी’ ही कळ दाबली की उपचार पुढे चालू होत असे. तिने ती दाबली. रुग्णाला दुसरा झटका बसला.

थेरॅकचे उदाहरण देऊन मी फोटोच्या ॲपला प्राणघातक ठरवतो आहे असे समजू नका. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की तिथे सॉफ्टवेअर सोपेही झाले होते आणि वापरणारी शिकलेलीही होती, म्हणजे वादातल्या दोन्ही बाजूंच्या मागण्या पुऱ्या झालेल्या होत्या. नव्हते ते इतकेच की आत काय चालले आहे हे यंत्र खरे सांगत नव्हते. आजकाल बिघाडाचा आकडा दाखवणेही तुम्हाला रुक्ष वाटते, म्हणून ‘अरेरे, काहीतरी चुकले!’ असे लिहिता आणि शेजारी रडवेल्या चेहऱ्याचे चित्र काढता. त्या चित्राने माझ्या विद्यार्थ्यांना आजवर काही कळलेले नाही. क्रमांक ५४ निदान कोणाला तरी कळवता तरी आला असता.

दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे ‘लोकांनी शिकावे’ म्हणणाऱ्यांनाही, दोन शब्द सांगायला हवेत. डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकाचे जे प्रात्यक्षिक दाखवले त्यात उजव्या हाताशी माउस होता आणि डाव्या हाताशी पाच कळांची एक पाटी, जिच्यावर बोटांच्या जुळण्या दाबून अक्षरे उमटवायची. माणूस वेळ देऊन शिकला तर त्याची बुद्धी यंत्रामुळे कितीतरी वाढेल, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि मला ती फार मोलाची वाटते. तरीही माउस जगाने उचलला आणि पाच कळांची पाटी मागे राहिली. शिकण्याचा मोबदला शिकणाऱ्याला लवकर दिसावा लागतो, ही साधी गोष्ट उत्तमोत्तम माणसांनाही हुलकावणी देते.

शिवाय आपण लोकांना शिकवतो ते बरोबर तरी असते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०००च्या दशकाच्या आरंभी पासवर्डबद्दल जे मार्गदर्शन दिले त्यातून मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला हवा, हे नियम जगभर पसरले. मी स्वतः ते फळ्यावर लिहिले आहेत. २०१७ साली त्याच संस्थेने हे सगळे आग्रह सोडून दिले, आणि मूळ मार्गदर्शन लिहिणारे बिल बर यांनी आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असे जाहीरपणे सांगितले, कारण त्या नियमांमुळे लोक शेवटी ‘१’चे ‘२’ करण्याइतकेच बदल करत होते. वापरणारे आळशी होते असे त्या काळात आपण सगळे म्हणत होतो. ते आळशी नव्हते. अशक्य मागणीला त्यांनी शक्य असे उत्तर दिले होते.

आणि कधी कधी तर शिकलेल्यांनाही काही उपाय उरत नाही. जनुकांच्या नावांपैकी ‘मार्च१’ किंवा ‘सेप्ट१’ अशी काही नावे स्प्रेडशीटमध्ये टाकली की एक्सेल ती तारीख समजून बदलून टाकत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या होत्या त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. हे लिहिणारे लोक शास्त्रज्ञ होते, अडाणी नव्हते. अखेर २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले. हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. माणसाच्या पेशीतल्या जनुकाचे नाव बदलणे हे एका सॉफ्टवेअरची सवय बदलण्यापेक्षा सोपे ठरले, हे वाक्य मी जेव्हा वर्गात सांगतो तेव्हा लोक हसतात, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा आपण कमी पडतो हा भाव थोडा सैल होतो.

आमच्याही पदरात काही माप घालायला हवे. त्या शिक्षिकेच्या वहीतल्या पायऱ्या मीच सांगितलेल्या आहेत. ‘इथे दाबा, मग इथे दाबा’ असे सांगितले की काम चटकन होते, विद्यार्थी खूश होतो आणि शिक्षकालाही बरे वाटते. म्हणून वर्षानुवर्षे मी तेच केले. आता पहिल्या तासाला मी यंत्र सुरूच करत नाही. एक कागद, एक पाकीट आणि एक आरसा घेऊन बसतो, आणि मूळ कोणते, प्रत कोणती, प्रतिबिंब कोणते एवढेच बोलतो. लोकांना ते अर्ध्या तासात कळते. अडचण दुसऱ्या तासाला येते, कारण यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर मूळ, प्रत आणि प्रतिबिंब यांत फरक दाखवणारी खूणच कुठे सापडत नाही. मी शिकवलेले पडताळून पाहायला त्यांना जागा मिळत नाही.

म्हणून माझे मागणे आहे की जागा हलवायचीच असेल तर जुन्या जागी काही काळ पाटी राहू द्या: ‘हे आता तिथे आहे’. दुकान हलवणारेही एवढे करतात. जिथे खरोखर काही नष्ट होणार आहे तिथली चौकट बाकी सगळ्या चौकटींहून वेगळी दिसू द्या, आणि उरलेल्या शंभर ठिकाणी ‘नक्की ना?’ असे विचारण्याऐवजी केलेले मागे घेण्याची सोय द्या. तुमच्याकडे ती १९७०च्या दशकापासून आहे. काही बिघडले तर काय झाले, माझे काय सुरक्षित आहे आणि आता मी काय करावे, ही तीन वाक्ये लिहा. आरशाला आरसा म्हणा आणि प्रतीला प्रत. तसेच, नव्या रूपाची चाचणी घेताना माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ते जमले का, एवढेच पाहून थांबू नका. सहा महिन्यांनी त्याच माणसाला परत बोलावून, आधी शिकलेल्यातले किती अजून चालते, हेही मोजा. पहिली पाच मिनिटे कोणीही एकदाच जगतो.

आता तर मेनू आणि बटणेही नकोत, नुसते बोला, यंत्र करून देईल, अशी तुमच्यापैकी काहींची घोषणा आहे. बोलून काम होत असेल तर माझ्या वर्गातल्या कित्येकांना, विशेषतः ज्यांची नजर अधू आहे त्यांना, ते वरदान ठरेल. पण ‘माझे जुने फोटो आवर’ असे सांगितल्यावर यंत्राने नेमके काय पुसले, कुठून पुसले आणि ते परत येईल का, हे विचारण्याची वेळ येईलच, आणि तेव्हा उत्तर पडद्यावर कुठे तरी दिसले पाहिजे.

शेवटी एक आमंत्रण. माझा वर्ग आठवड्यातून दोनदा भरतो. तुमच्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा येऊन मागच्या बाकावर बसावे. अट एकच: तासभर एक शब्दही बोलायचा नाही आणि कोणाच्या पडद्याकडे बोट दाखवायचे नाही. तास संपला की त्या बाई वही दाखवतील, त्यांना मी तसे विचारून ठेवले आहे. त्यांनी फक्त एवढेच म्हटले आहे की येणाऱ्यांनी फोटो पाठवण्याची सध्याची पद्धत कोणती ते आधी पाहून यावे, कारण चिठ्ठीखाली आता जागा उरलेली नाही.

आपला,
प्रौढांना संगणक शिकवणारा एक शिक्षक